वजन कमी करा, पण मॅटचं नाही
हिवाळी कॅम्पिंगला ओझं कमी करायचंय? जोराचा वारा-बर्फ नसेल तर ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा तंबू घ्या, पण झोपायच्या मॅटवर काटकसर नको. अंगाखाली स्लीपिंग बॅग दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढत राहते. बर्फावर झोपायचं तर मॅटची आर-व्हॅल्यू (ऊब रोखून धरायची क्षमता) 5 च्या आसपास हवीच. हवेच्या मॅटखाली फोमची पातळ मॅट घाला: दोन्हींच्या आर-व्हॅल्यूची बेरीज होते, शिवाय हवेची मॅट फुटली तरी रात्र निभावते. बॅगवर ‘लिमिट’ (जेमतेम रात्र निघेल ते) नव्हे, ‘कम्फर्ट’ (आरामात झोप लागेल ते) तापमान बघा. बॅगेत भरलेलं डाऊन (पक्ष्यांची मऊ पिसं) हलकं खरं, पण भिजलं की ऊब गेलीच. म्हणून कितीही थंडी असो, तंबूची वरची झडप थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ कापडावर गोठून सकाळी बॅगवर गळते.