समन्स कधी हातात पडलं, हे आधी विचारा

भोसरीतल्या एका लहान फॅब्रिकेशन युनिटचे मालक दाव्याचे कागद घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा सिनियर वकिलांचं ऑफिस सोडून मला चार महिने झाले होते. पुरवठादारानं १४ लाखांच्या थकबाकीचा दावा लावला होता. माल खराब निघाला होता, तसे ईमेल होते, माल परत पाठवल्याची चलनं होती. बाजू आमची भक्कम होती. मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात वकालतनामा दाखल केला, कैफियतीसाठी, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरासाठी, मुदत मागितली, मिळाली. पुढच्या तारखेला पुन्हा मागितली.

साध्या दिवाणी दाव्यात मी हेच शिकले होते. तिथेही कायद्यात ९० दिवस लिहिलेत, पण उशीर झाला तर कोर्ट योग्य कारण पाहून कैफियत घेतं. 'नो डब्ल्यूएस' (कैफियतीविना दावा पुढे) अशी ऑर्डर झाली तरी अर्ज करायचा, कॉस्ट (उशिराचा खर्च) भरायची, ऑर्डर रद्द करून घ्यायची. हा दावा मात्र कमर्शियल होता. कमर्शियल कोर्ट कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर ३ लाख किंवा त्यावरचा व्यापारी वाद कमर्शियल कोर्टात जातो, आणि तिथे कैफियतीला समन्स बजावल्यापासून १२० दिवस. पहिले ३० हक्काचे. त्यापुढचे लेखी कारण देऊन आणि कॉस्ट भरून. १२१ व्या दिवशी हक्क गेला, न्यायाधीशांची इच्छा असली तरी ते कैफियत घेऊ शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये एससीजी काँट्रॅक्ट्सच्या निकालात हे स्वच्छ सांगितलंय.

१२० चा आकडा मला पाठ होता. माझी चूक मोजायला सुरुवात कुठून करायची यात झाली. मी वकालतनाम्याच्या तारखेपासून मोजत होते. समन्स त्याच्या महिनाभर आधीच कारखान्याच्या ऑफिसात अकाउंटंटनं सही करून घेतलं होतं. मालक तेव्हा गावी होते, लिफाफा ड्रॉवरमध्ये पडून होता. मी कैफियत घेऊन उभी राहिले तो १३१ वा दिवस होता. न्यायाधीश साहेबांनी समन्स बजावणाऱ्या बेलिफाचा रिपोर्ट उघडला, सहीखालची तारीख वाचली आणि फाइल माझ्या दिशेला फिरवली. निळ्या शाईतली ती तारीख मला अजून दिसते.

पुढे उलटतपासणी करता आली, कायद्याच्या मुद्द्यांवर युक्तिवाद करता आला. पण माल खराब होता हा आमचा बचावच रेकॉर्डवर नव्हता, त्यामुळे परतीच्या चलनांना उभं राहायला जागा उरली नाही.

म्हणून नव्या वकिलांनो, पहिल्या भेटीत दाव्याची गोष्ट ऐकायच्या आधी लिफाफा मागा. लिफाफा नसेल तर पोचपावती, तीही नसेल तर कोर्टात जाऊन बजावणीचा रिपोर्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पक्षकार "आत्ताच मिळालं, मॅडम" म्हणतात. ते खोटं बोलत नसतात, त्यांच्या हातात खरंच आत्ता पडलेलं असतं. कंपनीला मात्र ते आधीच मिळालेलं असतं. मग फाइलच्या आतल्या कव्हरवर ३० वा, ९० वा आणि १२० वा दिवस लाल पेननं लिहा. मोबाइलमधल्या रिमाइंडरवर माझा विश्वास नाही, फाइल उघडली की तारीख समोर दिसली पाहिजे.

बँकेच्या कामातही मुद्दा तोच, फक्त आकडे वेगळे. सरफेसी, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा. त्याची कलम १३(२) ची मागणी नोटीस आली की कर्जदार घाबरून "लगेच डीआरटीत चला" म्हणतो. त्या टप्प्यावर डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) अर्ज चालत नाही. ६० दिवसांत बँकेला सविस्तर हरकत लिहा, बँकेनं १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. डीआरटीत जायची खरी मुदत १३(४) च्या, म्हणजे ताबा घेण्यासारख्या कारवाईपासून, ४५ दिवसांची. दारावर ताब्याची नोटीस चिकटते, पेपरात छापून येते, तरी घरात आपणच राहतोय म्हणून लोक शांत बसतात. त्यांचे ४५ दिवस तिथेच जातात.

पर्यावरणाच्या कामात मन जास्त दुखतं. एनजीटीचं (राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं) पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे, त्यामुळे नाल्यात भराव, टेकडीफोड, कारखान्याचं सांडपाणी घेऊन माणसं थेट तुमच्याकडे येतील. बहुतेकांनी महिनोन् महिने महापालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्रं लिहिलेली असतात. एनजीटी कायद्याच्या कलम १४ मध्ये मुदत वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तिथून सहा महिने, पुरेसं कारण दिलं तर वर ६० दिवस, त्यापुढे काही नाही. पत्रव्यवहारानं ही मुदत थांबत नाही. नुकसानभरपाई किंवा जागा पूर्ववत करून मागायची असेल तर कलम १५ मध्ये पाच वर्षं मिळतात. म्हणून मागणी काय आहे हे ड्राफ्टच्या आधी ठरवा.

ड्राफ्टवरून आठवलं. ग्रुपवर फिरणारे तयार ड्राफ्ट उचलू नका. तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर कमर्शियल दाव्याआधी कमर्शियल कोर्ट कायद्याच्या कलम १२-अ ची मध्यस्थी सक्तीची आहे. २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालानंतर तिच्याविना आलेला दावा फेटाळला जातो, आणि जुन्या ड्राफ्टमध्ये तो परिच्छेदच नसतो. सिनियर निवडताना मोठं नाव बघू नका. जिथे निकाली फायली वाचायला मिळतात आणि कारकुनाशेजारी बसून काम शिकता येतं, ते ऑफिस धरा. मला फायलिंग सिनियरांनी नाही, त्यांच्या कारकून काकांनी शिकवलं. पहिली दोन वर्षं पैसा कमी मिळेल, घरून विचारणा होईल. त्यानं खचू नका, या तिन्ही कामांत मन लावून वाचणारी माणसं कमी आहेत आणि तुमची गरज आहे.

हुकूमनामा विरोधात गेला त्या संध्याकाळी मी भोसरीला गेले आणि मालकांना सांगितलं, दिवस मी चुकीचे मोजले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आता किती दिवस आहेत?" अपिलाला ६० होते. त्यांना दुसऱ्या वकिलांकडे जायचं होतं आणि ते बरोबरच होतं. मी पूर्ण फाइल बांधून दिली, आणि कव्हरच्या आत साठावा दिवस कोणता ते लाल पेननं लिहिलं.