ऐतिहासिक फँटसी प्रेमकथेत गुलामगिरी आणताय? या चुका टाळा

घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये राहणारी नायिका मासुंदा तलावाच्या काठी ठेच लागून पडते आणि डोळे उघडते ती थेट पेशवाईत. गळ्यात आजीनं दिलेला ताईत, समोर घोड्यावरचा देखणा सरदार, वाड्यात राबणारी एक गुलाम मुलगी. पुढे प्रेम जमतं, ताईत चमकतो, गुलाम मुक्त होतात. ठाणे-नवी मुंबईकडच्या नव्या लेखकांची अशी हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात आणि मी ती आवडीनं वाचते. हा कथाप्रकार मराठीत रुजावा असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच गुलामगिरी त्यात नुसती सजावटीपुरती आली की वाईट वाटतं. ही माणसं खरी होती, आपल्याच मुलखात होती, आणि त्यांची सुटका ताईताच्या एका झटक्यात झालेली नाही. ती ज्या वाटांनी झाली त्या वाटा कळल्या की कथेला आपोआप बळ येतं.

“कायदा झाला आणि सगळे सुटले”

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. लेखक गूगलवर शोधतो, १८३३ साल सापडतं, आणि १ ऑगस्ट १८३४ला जांभळी नाक्यावर दवंडी पिटली जाते. पण १८३३चा ब्रिटिश कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला लागूच नव्हता. हा मुलूख त्यातून उघड वगळला होता. आपल्याकडे आला तो १८४३चा पाचवा कायदा. त्यातही ‘आजपासून सर्व गुलाम मुक्त’ असं कुठे म्हटलेलं नाही. गुलामावरचा मालकी हक्क कोर्ट मानणार नाही; शेतसारा किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याची रक्कम वसूल करायला सरकारी अंमलदार माणूस विकणार नाही; कुणी गुलाम आहे एवढ्या कारणावरून त्याची कमाई हिसकावता येणार नाही; स्वतंत्र माणसाशी जे केलं तर गुन्हा होतो, ते गुलामाशी केलं तरी गुन्हाच. बस्स, इतकंच. गुलाम म्हणून माणसाची खरेदी-विक्री हा शिक्षापात्र गुन्हा ठरला तो भारतीय दंड संहितेत, आणि ती लागू झाली १ जानेवारी १८६२ला.

आता लेखक म्हणून याकडे बघा. कायदा झाला, पण मालकानं सांगितलंच नाही तर वाड्यातल्या मुलीला कळणार कसं? ते तिला सांगू शकेल अशी एकच व्यक्ती त्या वाड्यात आहे, तुमची भविष्यातून आलेली नायिका. दवंडीऐवजी हा प्रसंग लिहा. नायिका रात्री चुलीपाशी बसून सांगते, “उद्या निघून गेलीस तर तुला परत आणायला कुठलंही कोर्ट त्यांना मदत करणार नाही.” आणि ती मुलगी विचारते, “मग मी जेवू कुठं?” या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात तुमचे पुढचे दहा भाग जायला हवेत.

कथा १८४३च्या आधीची असेल तर यातलं काहीच हाताशी नाही. ठाणं डिसेंबर १७७४मध्ये इंग्रजांनी घेतलं, म्हणजे इंग्रजी अंमल आल्यावरही जवळपास सत्तर वर्षं हा हक्क कायद्यानं मोडला नव्हता. कंपनीचा साहेब तारणहार म्हणून आणण्याआधी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. पेशवाईत सुटकेच्या वाटा वेगळ्या होत्या: सरकारातून हुकूम मिळवणं, पैसे भरणं, पळून जाणं. आणि एक वाट अशी की वाचून पोटात गोळा येतो, बदल्यात दुसरी कुणबीण, म्हणजे गुलाम बाई, देणं. तुमच्या सरदाराला प्रेयसी सोडवायची आहे आणि कोठीवरचा कारकून म्हणतो, बदली बाई आणा. आता तो काय करील? राक्षस आणि जादूगार न आणतासुद्धा कथेला खलनायक मिळाला.

कापसाचे मळे आणि पायातल्या बेड्या

अमेरिकन चित्रपट पाहून लिहिलेली गुलामगिरी लगेच ओळखू येते. आपल्याकडची कुणबीण मुख्यतः घरात आणि सरकारी कोठारांत राबत होती: दळण-कांडण, पाणी, शेणगोठा, मुदपाकखाना, पागा, किल्ल्यांची बांधकामं. दुष्काळात मुली विकल्या जात. आणखी एक मार्ग होता, तो लेखकांना सहसा माहीत नसतो. शिंदळकीचा, म्हणजे व्यभिचाराचा, आरोप ठेवून बाईला सरकारजमा करायचं आणि कुणबीण म्हणून कामाला लावायचं किंवा विकायचं. म्हणजे काल घरची सून असलेली बाई आज बटीक होऊ शकत होती. कुणबिणीच्या पोटचं मूलही मालकाचंच धरलं जाई. घरात पाणी भरायचं म्हणून तिची जात विचारली जाई. तेव्हा ‘गुलामांना जात नव्हती’ हे वाक्य पेशवाईच्या कथेत बसत नाही.

१७३७पर्यंत ठाणं पोर्तुगीजांकडे होतं. त्या काळात कथा नेलीत तर चित्र बदलतं. पोर्तुगीज घरांत मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणलेली माणसं असत. पण म्हणून हबशी पात्र आलं की ते गुलामच, असं धरून चालू नका. जंजिऱ्याचे सिद्दी सत्ताधीश होते, बेलापूरच्या किल्ल्याशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार चालवत १६२६मध्ये वारला.

मालक आणि गुलाम यांचं प्रेम

इथे थोडं थांबणार आहे, कारण कथेचं काळीज इथे आहे आणि सगळ्यात मोठी गफलतही इथेच होते. नेहमी दिसणारा प्रसंग असा:

“तू गुलाम आहेस हे मला मान्य नाही. आजपासून तू स्वतंत्र आहेस,” सरदार म्हणाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती त्याच्या मिठीत शिरली.

जिला नाही म्हणता येत नाही तिच्या होकाराला अर्थ काय? तो देखणा आहे, दयाळू आहे, कविता करतो, सगळं खरं. पण सकाळी तिनं कुठं जायचं, काय खायचं, पोर झालं तर ते कुणाचं, हे त्याच्या मर्जीवर आहे. वाचकाला हे कळतं, विशेषतः बाई वाचकाला. तुम्ही त्या मिठीवर प्रेमाचा मुलामा दिलात तर ती पुस्तक मिटते, आणि तिचं बरोबर असतं.

हाच प्रसंग असा लिहून बघा:

“कागद झाला,” तो म्हणाला.
“कुठं आहे?”
“माझ्यापाशी. पेटीत ठेवलाय.”
“मग तो तुमचाच झाला, धनी. माझ्या हातात द्या.”

त्यानं दिला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो दोनदा उलटसुलट करून पाहिला, पदरात बांधला आणि होडीवाल्याला कल्याणकडच्या काठाचं भाडं विचारलं.

तिला जाऊ द्या. दोन-तीन भाग ती कथेत एकटी असू द्या. कुणाच्या ओसरीवर झोपली, पहिली मजुरी कशी मिळाली, तो कागद कुणाकडून वाचून घेतला आणि वाचणाऱ्यानं काय भाव केला, हे सगळं लिहा. मग तिला परत यायचं तर ती येईल, आणि त्या येण्याला प्रेम म्हणता येईल. नाही आली तर तीही प्रेमकथाच आहे. सरदारानं ते सोसायला शिकावं. ‘त्यानं तिला विकत घेऊन सोडवलं’ हे कथानक चालतं, पण विकत घेतल्यापासून कागद तिच्या हाती पडेपर्यंतच्या काळात त्यानं तिला हात लावता कामा नये. लावला तर तो नायक राहत नाही.

तिच्या तोंडी ‘धनी’, ‘सरकार’ असं संबोधन येईल. आजची नायिका सरदाराला पहिल्याच भेटीत ‘अरे’ म्हणत असेल तर आजूबाजूची माणसं गार पडतात हे दाखवा. नुसतं गोड भांडण म्हणून सोडून देऊ नका.

जादू सगळं करून टाकते

जादूनं बेड्या तुटल्या की कथेतली माणसं रिकामी बसतात. माझा आग्रह एवढाच आहे की जादूला एक मर्यादा घाला आणि ती शेवटपर्यंत पाळा. जादू माणसाला काळाच्या पलीकडे नेऊ शकेल, पण कुणाची मालकी पुसू शकणार नाही, असा नियम करून बघा. मुक्ती माणसांनीच मिळवायची. ताईत फार तर वेळ देईल.

जादू स्थानिक हवी. लॅटिन वाटणारे मंत्र ठाण्यात परके वाटतात. आपल्याकडे अंगारा आहे, करणी आहे, गावदेवी आहे, आगरी-कोळी पाड्यांतला भगत आहे. त्याचबरोबर चेटकीण ठरवलेल्या बाईचं काय होतं हेही विसरू नका. ज्या समाजात आरोप ठेवून बाई सरकारजमा होते, तिथे भर बाजारात ताईत चमकवणारी अनोळखी मुलगी सुखरूप घरी जाणार नाही. तो धोका कथेत जाणवला पाहिजे.

मंत्राविना जादू कशी असते हे बघायचं तर ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या कारागृहात, १८१६च्या सप्टेंबरमध्ये जा. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या आरोपावरून दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे तिथे कैदेत होता. पहाऱ्याला मुद्दाम गोरे शिपाई ठेवले होते. एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार घोड्याची निगा राखताना खिडकीखाली गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांत पळण्याचा बेत असायचा, असं सांगतात. पहारेकऱ्यांना शब्द कळत नव्हते. त्रिंबकजी निसटला. तुमच्या कुणबिणी जात्यावर बसून असंच काही करू शकतात. ओवी साहेबाला कळत नाही, पुरुषांचं तिकडे लक्ष नसतं, आणि बेत वाड्यावाड्यांतून फिरतो. माझ्या मते कुठल्याही ताईतापेक्षा हे जास्त थरारक आहे.

तारखा, हद्दी आणि बाकीच्या खोड्या

कालप्रवासाच्या कथेत तारीख चुकली की सगळं कोसळतं. पोर्तुगीज सोळाव्या शतकातच ग्रेगोरियन दिनदर्शिकेवर गेले. इंग्रजांनी ती १७५२मध्ये घेतली. तोवर अठराव्या शतकात दोघांच्या तारखांत ११ दिवसांचं अंतर होतं, शिवाय इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. नायिका १७३७च्या फेब्रुवारीत पोर्तुगीज ठाण्यात उतरली तर मुंबईचा इंग्रज व्यापारी त्याच दिवशी १७३६ लिहीत असेल. मराठी कागदांत तिसराच हिशेब: शक आणि सुहूर सन. पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, सन इहिदे सितैन मया व अलफ (म्हणजे सुहूर ११६१). वेळ घटकांत, एक घटका २४ मिनिटांची. आणि हे सारं मोडी लिपीत! आजच्या मुलीला तो कागद वाचता येणार नाही, हे गृहीत धरून प्रसंग रचा.

खाडी ही नुसती खाडी नव्हती. १७८२च्या सालबाईच्या तहात साष्टी, म्हणजे ठाणं ज्या बेटावर आहे ते, इंग्रजांकडे राहिली, पलीकडचा कल्याण-बेलापूरचा मुलूख पेशव्यांकडे गेला. १८१७पर्यंत होडीनं पलीकडे जाणं म्हणजे अंमल बदलणं होतं. नेरूळच्या फ्लॅटमधून नायक ‘त्याच जागी’ भूतकाळात उतरत असेल तर तो बहुधा चिखलात, खारफुटीत किंवा मिठागरात उतरेल; नवी मुंबई वसवणारी सिडको आली १९७०मध्ये. रेल्वे १६ एप्रिल १८५३च्या आधी नको. पेशवाईत काडेपेटी नको, सकाळचा चहा नको, बटाट्याची भाजी तर नकोच.

शेवट फार लवकर करणं

मुक्तीचा कागद, चुंबन, समाप्त. इथे कथा संपवू नका. मॉरिशसमध्ये १८३५मध्ये गुलामगिरी संपली, पण उसाच्या मळ्यांना हात हवेच होते. ते गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, इथूनच गेले, त्यात कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली मुलं मुंबईत आणली गेली आणि त्यांतली काही नाशिकजवळच्या शरणपूरला वाढली. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. एवढा ऐवज हाताशी असताना घाई कशाला?

आणि परतीच्या प्रवासात तुमच्या नायिकेला एक थांबा जरूर द्या: १९४४, डहाणू-तलासरी, तेव्हाचा ठाणे जिल्हा. तिथे लग्नगडी होती. वारली तरुणानं लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि त्यापोटी नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं, पुष्कळदा जन्मभर. पेशवाईतून ‘सगळं बदलून’ आलेली नायिका इथे पाहते की दोन माणसांचं लग्न हाच त्यांच्या बंधनाचा दस्तऐवज आहे. १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, शामराव आणि गोदावरी परुळेकरांसोबत वारली उभे राहिले आणि वेठ व लग्नगडी मोडली. ती त्यांनी स्वतः मोडली. नायिकेला तिथे भाषण करायला लावू नका, तिला गर्दीत मागे बसवा. वेठबिगारीविरुद्धचा देशव्यापी कायदा त्यानंतर तीसेक वर्षांनी, १९७६मध्ये आला.

हा भाग लिहायला घेतलात तर डहाणूकडची बोली आधी कानांनी ऐका. वारली जोडप्याच्या तोंडी पुस्तकी पुणेरी मराठी घातलीत तर तुमची इतर सगळी मेहनत त्या एका संवादात वाया जाईल.