वेब्ली-एनफील्ड बघायला जाताना: आदल्या रात्रीची तयारी

पिशवी आदल्या रात्रीच भरून ठेवायची, सकाळी घाईत नाही. मी बर्मिंगहॅमला राहतो, इथे अधूनमधून रविवारी जुन्या शस्त्रांचे फेअर भरतात, आणि आपले काही मराठी लोक आता पहिल्यांदाच यायला लागलेत म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय. विषय फक्त महायुद्धातली सैनिकी रिव्हॉल्वर, म्हणजे मुख्यतः वेब्ली, एनफील्ड आणि स्मिथ अँड वेसन, आणि प्रश्न एकच की समोरचा पीस नक्की कुठला आणि कुठल्या सालचा. एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की करून ठेवा, एका रिव्हॉल्वरला एक तारीख कधीच नसते. बनल्याची वेगळी, बदल केल्याची वेगळी, दुरुस्तीची वेगळी, लष्करातून बाहेर पडल्याची वेगळी, आणि खाली जी काही तयारी सांगतोय ती सगळी या तारखा एकमेकींत मिसळू नयेत म्हणूनच आहे.

पिशवीत काय, तर दहापट दाखवणारं भिंग, छोटा टॉर्च, व्हर्निअर कॅलिपर, सुती हातमोजे, वही, मऊ शिसपेन्सिल आणि बटर पेपरचे चार तुकडे. टॉर्च सगळ्यात महत्त्वाचा, पण तो सरळ वरून मारायचा नाही, अगदी आडवा धरायचा, लोखंडाला जवळजवळ टेकवून, म्हणजे झिजलेल्या शिक्क्याच्या कडांना सावली पडते आणि आकडा वर येतो. वरून प्रकाश मारला की ३ आणि ८ सारखेच दिसतात, १ आणि ७ पण. तरीही नाही कळलं तर बटर पेपर ठेवून पेन्सिल हलकेच फिरवायची, लहानपणी नाण्याचा ठसा काढायचो तसंच, पण विक्रेत्याला विचारूनच. फोनने फोटो काढा पण फोटोवर विसंबून राहू नका, त्याच क्षणी वहीत आकडा लिहा.

वहीच्या पहिल्या पानावर घरूनच थोडा इतिहास लिहून न्यायचा. वेब्ली मार्क १ (मार्क म्हणजे आवृत्ती) ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये घेतलं, मार्क ४ हे १८९९ चं म्हणून त्याला बोअर युद्धाचं मॉडेल म्हणतात, मार्क ५ डिसेंबर १९१३ चं, आणि पहिल्या महायुद्धात ज्याला सगळे ओळखतात ते मार्क ६, २४ मे १९१५ ला मंजूर झालेलं. ही सालं त्या त्या मॉडेलच्या मंजुरीची, तुमच्या हातातल्या पीसची नाहीत, हे त्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा. मार्क ६ लांबूनही ओळखता येतं, नळी सहा इंची म्हणजे साधारण १५२ मिलिमीटर, आणि मूठ खाली चौकोनी. त्याआधीच्या मार्कांची मूठ पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. नळी मोजायची ती तोंडापासून सिलिंडरच्या पुढच्या कडेपर्यंत, फ्रेम धरून नाही. बनावटीचं साल फ्रेमवरच ठोकलेलं असतं, १९१६, १९१७ असं सरळ. एनफील्डच्या सरकारी कारखान्याने पण १९२१ ते १९२६ मध्ये मार्क ६ बनवली, त्यामुळे मार्क ६ दिसलं की लगेच पहिलं महायुद्ध असं लिहायचं नाही, साल वाचून मगच.

आता एनफील्ड नंबर २. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून इथे जरा जास्त वेळ काढा. पहिल्या युद्धानंतर .४५५ (हा बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, इंचात) फार जड आणि नवख्या शिपायाला आवरायला कठीण असं ठरलं, मग .३८० चं हलकं रिव्हॉल्वर आलं, १९३२ मध्ये मंजूर, नळी पाच इंच. मूळ मार्क १ च्या घोड्याला अंगठ्याने मागे ओढायचं टोक होतं. रणगाड्यातल्या लोकांची तक्रार आली की आत-बाहेर करताना ते टोक कशात ना कशात अडकतं, म्हणून १९३८ मध्ये मार्क १ स्टार आलं, घोडा बोडका, फक्त चाप ओढूनच चालणारं. आणि मग आधीची बरीचशी मार्क १ रिव्हॉल्वर परत बोलावून तीही बोडकी करून टाकली. म्हणून उजव्या बाजूला फ्रेमवर मुकुट, एनफील्ड, नं. २, मार्क १, त्याखाली १९३४, आणि वर घोडा मात्र बोडका असा पीस मिळतो. नवखा माणूस म्हणतो काहीतरी गडबड आहे, कुणीतरी पार्ट बदलले. तर तसं नाही, भिंग लावा आणि त्या १ च्या पुढचा स्टार बघा. तो बहुतेक वेळा बाकीच्या अक्षरांपेक्षा वेगळ्या खोलीचा असतो, थोडा वाकडा, कडा जास्त धारदार, कारण तो नंतर दुसऱ्या हाताने ठोकलेला आहे. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा दहा मिनिटं तसाच उभा होतो, एका छोट्या चांदणीत लष्कराचा अख्खा निर्णय दिसत होता. वहीत अशा पीसला दोन ओळी द्यायच्या, बनला १९३४, बदलला १९३८ नंतर. याउलट १९३४ चा पीस आणि टोक असलेला मूळ घोडा जर खरंच शाबूत असेल तर तो कमी सापडतो, आणि म्हणूनच तिथे जास्त संशय घ्या, कारण घोडा नंतर बसवून किंमत वाढवणं अवघड नाही. घोड्याचा रंग आणि फ्रेमचा रंग आडव्या प्रकाशात शेजारी शेजारी बघा, बटण, स्क्रूच्या खाचा, सगळं.

याच जातीत १९४२ चं मार्क १ दोन-स्टार पण येतं, युद्धाच्या घाईत घोड्याचा सेफ्टी स्टॉप काढून टाकलेलं, पडलं तर धोका, म्हणून युद्धानंतर परत बोलावून स्टॉप बसवले. मूळ अवस्थेतलं दोन-स्टार कुणी दाखवलं तर घाई करू नका. बनवणारे पण वेगवेगळे आहेत, ग्लासगोच्या अल्बियन मोटर्सने १९४१ ते ४३ मध्ये सुमारे २४,००० केली, आणि काही भागांवर एसएसएम दिसतं ते सिंगर शिलाई मशीनवाल्यांचं, हो तेच सिंगर, आपल्या आजीच्या घरी असायचं ते. त्यामुळे एकाच पीसवर दोन कारखान्यांची अक्षरं दिसली म्हणून तो जोडजोडीचा ठरत नाही.

दुसऱ्या युद्धातलं वेब्ली मार्क ४, .३८ वालं, एनफील्डसारखंच दिसतं, कारण मुळात एनफील्डच वेब्लीच्या आराखड्यावरून झालं. वेब्लीने त्याबद्दल सरकारकडे पैसे मागितले आणि शेवटी त्यांना १,२५० पौंड मिळाले. या मार्क ४ वर वॉर फिनिश असे दोन शब्द ठोकलेले सापडतात. पॉलिशला वेळ नव्हता, घासल्याच्या खुणा तशाच ठेवून माल बाहेर काढला, आणि आपलं नाव खराब होऊ नये म्हणून कंपनीने ते लोखंडावरच लिहून टाकलं. असा पीस कुणी छान गुळगुळीत काळा करून ठेवला असेल आणि वर वॉर फिनिश पण असेल तर तो नंतर घासलाय, सोडून द्या.

स्मिथ अँड वेसन व्हिक्टरीसाठी, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीच्या दुसऱ्या युद्धातल्या मॉडेलसाठी, वहीत वेगळं पान. नळीवर वरच्या बाजूला पेटंटच्या तारखा आहेत, १९०६, १९०९, १९१४, आणि दर फेअरला कोणीतरी हमखास म्हणतं की हे १९१४ चं आहे. त्या पेटंटच्या तारखा, बनावटीच्या नव्हेत. साल काढायचं ते मुठीच्या तळाशी असलेल्या नंबरवरून. युद्धाच्या सुरुवातीची, नुसता नंबर असलेली दहा लाखापर्यंत गेली आणि १९४२ मध्ये पुढे व्ही हे अक्षर लागलं, व्हिक्टरीचा व्ही. १९४४ मध्ये एक रिव्हॉल्वर पडून उडालं आणि एक नौसैनिक गेला, त्यानंतर आत नवा सेफ्टी ब्लॉक आला आणि नंबरापुढे एसव्ही आलं. हाच नंबर सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या बाजूला पण जुळायला हवा. वरच्या पट्टीवर युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी असेल तर तो लेंड-लीजमधून, म्हणजे अमेरिकेने मित्रदेशांना युद्धसाहित्य पुरवलं त्या योजनेतून आलेला, मार्च १९४१ च्या कायद्यानंतरचा. ब्रिटनला पाठवलेल्यांची नळी पाच इंच, ती चार इंच निघाली आणि पुढची साईट नवी दिसली तर कापलेली असू शकते, कॅलिपर तिथेच काढा.

शिक्के वाचायचा सराव घरीच करून जा, तिथे पुस्तक उघडून बसायला वेळ मिळत नाही. कावळ्याच्या पायासारखा बाण म्हणजे सरकारी मालकी, बाणाखाली आय असेल तर हिंदुस्थान सरकारची मालकी, आणि दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारने विकून टाकलेला माल. तिसरा शिक्का बघितल्याशिवाय परत ठेवू नका. मग प्रूफ हाऊसचे, म्हणजे बंदुका तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेचे शिक्के. इथलं बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं, बॅनबरी स्ट्रीटवर अजून चालू आहे, फेअरच्या आदल्या दिवशी शहरात असाल तर बाहेरून बघून या. १९५० नंतर त्यांनी एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन परशू आणि भोवती अक्षरं असा शिक्का वापरला, त्यातलं एक अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९५०, बी म्हणजे १९५१. हा लष्करी शिक्का नाही, दुकानात विकायच्या आधीच्या चाचणीचा आहे, म्हणून ज्या वेब्लीवर १९१७ आणि हा परशू दोन्ही आहेत त्याची नोंद अशी करायची की १९१७ ला बनलं आणि १९५० नंतर बाजारात आलं. अमेरिकन पीसवर नॉट इंग्लिश मेक असं दिसलं तर तेही इथल्या बाजाराचंच.

दोन नुकसानं तपासायची राहिलीत. एक, अमेरिकेत गेलेल्या मार्क ६ चे सिलिंडर मागून घासून पातळ केले, कारण .४५५ ची काडतुसं तिथे मिळेनात आणि .४५ ऑटो स्वस्तात मिळायची. सिलिंडरवरचा नंबर अर्धा कापलेला दिसला की समजा. माझ्याकडे असा एक आहे, विकणाऱ्याने नंबर जुळतात म्हणून सांगितलं होतं आणि मी कापलेला वरचा भाग न बघता खालचे अर्धे आकडे जुळवले. घरी आल्यावर आडव्या टॉर्चने कळलं की ते ६ नव्हतेच, ० होते. त्या दिवसापासून टॉर्च पिशवीत वरच्या कप्प्यात असतो. दुसरं, जाड काळा रंग. युद्धानंतर एनफील्डवर सनकोराइट म्हणून काळं रोगण चढवलं जायचं, ते खोटं नाही, पण ते दुरुस्तीच्या काळाचं आहे, शेजारी एफटीआर (कारखान्यात पूर्ण दुरुस्ती केल्याची खूण) आणि साल मिळालं तर तेही लिहून घ्या. रोगण खरवडून खाली काय आहे बघायचा मोह कधीच करू नका, आणि स्क्रूला तर हातच लावू नका.

कागदपत्रं. ब्रिटनमध्ये आपल्यासारख्यांनी घ्यायचे ते फक्त निकामी केलेले म्हणजे डीअ‍ॅक्टिव्हेटेड पीस, सोबत प्रूफ हाऊसचं सर्टिफिकेट, त्यावरचा नंबर पीसवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. जुन्या नियमाने निकामी केलेला पीस घरात असला तरी विकायला नव्या नियमाने परत करावा लागतो, म्हणून सर्टिफिकेटची तारीख बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

भारतातून बरेच जण फोन करतात, आजोबा सैन्यात होते, कपाटात एक वेब्ली आहे, साल सांग. साल मी आनंदाने सांगेन, पण आधी लायसन्स कुठंय ते बघा. चालू स्थितीतलं रिव्हॉल्वर कितीही जुनं असलं तरी १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टमध्ये येतंच, .४५५ आणि .३८० या बोअर तर सैनिकी म्हणून आणखी कडक धरल्या जातात, आणि २०१९ पासून एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. लायसन्स आजोबांच्या नावावर असेल आणि ते नसतील तर वारसाने रीतसर अर्ज करायचा, कागदच नसतील तर वकिलाला घेऊन पोलिसांना कळवायचं, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. सोबत जुनी काडतुसं असतील तर त्यांना हात न लावता तेही सांगा. तळाशी केएफ असेल तर ती आपल्या खडकीच्या कारखान्याची, १८६९ पासूनचा कारखाना तो. माझ्याकडे एक निकामी केलेलं खडकीचं .३८० काडतूस आहे, कपाटात एनफील्डच्या शेजारी ठेवलंय, आणि पुण्याचे पाहुणे आले की रिव्हॉल्वरपेक्षा तेच जास्त वेळ हातात धरून बसतात.

शेवटचं, परत आणायची सोय निघतानाच करून ठेवा. झाकणाचा खोका, आत जुना टॉवेल, सर्टिफिकेट खिशात, खोका गाडीच्या डिकीत. निकामी असलं तरी दिसायला रिव्हॉल्वरच आहे, रस्त्यात बाहेर काढलं तर पोलिस येणारच. वाटेत चहाला थांबून मित्राला दाखवणं वगैरे नाही, सरळ घरी, आणि त्याच रात्री वहीत चार रकाने भरा: बनलं, बदललं, सुटलं, निकामी झालं. ज्या रकान्यात पुरावा नाही तो कोराच ठेवा, अंदाज लिहायचाच असेल तर पेन्सिलीने.