इंजिन बदललेल्या जुन्या गाडीसाठी डिस्ट्रिब्युटर निवडताना

सुरुवातीच्या अँबेसिडरला साइड-व्हॉल्व्ह इंजिन होते, पुढे १४८९ सीसीचे ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिन आले आणि १९९०च्या दशकात १८१७ सीसीचे इसुझू इंजिन बसू लागले. त्यामुळे एका जुन्या अँबेसिडरमध्ये दुसऱ्या काळातले इंजिन बसवण्याचा मोह होतो आणि प्रत्येक सिलिंडरच्या स्पार्क प्लगला ठरल्या क्षणी वीज पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा प्रश्न तिथेच उभा राहतो. सुट्या भागांच्या दुकानात गाडीचे नाव सांगितले की ‘लग जाएगा’ हे उत्तर नागपुरात हमखास मिळते. परंतु मागणी गाडीच्या नावावर न करता नव्याने बसवलेल्या इंजिनाच्या प्रकारावर आणि डिस्ट्रिब्युटरवर कोरलेल्या क्रमांकावर करावी. शाफ्टची लांबी, खालच्या टोकाची जोडणी, फिरण्याची दिशा आणि ॲडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते ते) या चारही गोष्टी इंजिन ठरवते. गाडीकडून फक्त वायरिंग, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारे वेटोळे) आणि बॅटरीचा अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेला ध्रुव, येतो.

दिशेची खात्री सर्वांत आधी करावी. १४८९ सीसीच्या इंजिनाचा फायरिंग क्रम (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आहे आणि रोटर (कॅपखालचा फिरता तुकडा) वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. उलट दिशेसाठी बनवलेला डिस्ट्रिब्युटर भोकात बसला, तरी त्याची ॲडव्हान्सची वजने चुकीच्या बाजूने काम करतात. या इंजिनात शाफ्टच्या टोकाची जोडणी मध्यापासून किंचित बाजूला असल्याने तो एकाच स्थितीत बसतो. जोर लावून बसवू नये.

खरा घोळ ॲडव्हान्समध्ये होतो, म्हणून तिथे सर्वाधिक वेळ द्यावा. बेस प्लेट काढल्यावर लुकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये कॅमखालच्या पट्टीवर आकडा दिसतो. तो डिस्ट्रिब्युटरचे अंश सांगतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) निम्म्या वेगाने फिरत असल्याने १० हा आकडा क्रँकवर २० अंश होतो आणि स्टॅटिक टायमिंग (इंजिन बंद असताना लावलेले) १० अंश ठेवले असल्यास एकूण ३० अंश भरतात. इंजिनाच्या ओढीने ॲडव्हान्स वाढवणाऱ्या व्हॅक्यूम युनिटवर ५-१३-१० असे आकडे असल्यास ५ इंच पाऱ्याला ॲडव्हान्स सुरू होतो, १३ इंचांना पूर्ण होतो आणि डिस्ट्रिब्युटरचे १० अंश, म्हणजे क्रँकचे २० अंश मिळतात. जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर लावला की चढावर नॉकिंग (इंधन अवेळी पेटल्याची खडखड) ऐकू येते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की आत जाणारी हवाच तापलेली असल्याने ते अधिकच वाढते. ॲडव्हान्सच्या वजनांच्या स्प्रिंग मात्र जोडीनेच घ्याव्यात. दोन वेगवेगळ्या डिस्ट्रिब्युटरमधली एकेक स्प्रिंग जोडून तयार होणाऱ्या ॲडव्हान्सचा भरवसा धरता येत नाही.

जुना डिस्ट्रिब्युटर विकत घेताना शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहावा. खेळ जाणवला तर शाफ्टला आधार देणारा बुश झिजलेला असतो आणि पॉइंटचा (ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांचा) गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा पडतो. नवा बुश हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून बसवून घेता येतो. लुकास २५डी४ आणि ४५डी४ दिसायला भावंडे वाटतात, पण त्यांचे पॉइंट, रोटर आणि कॅप एकमेकांत मिसळू नयेत. २५डी४चा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात.

यानंतर विजेची बाजू. बॅलास्ट (कॉइलच्या आधीचा रोधक) नसलेल्या १२ व्होल्टच्या वायरिंगला प्रायमरी वेटोळे सुमारे ३ ओहम असलेली कॉइल लागते, १.५ ओहमची कॉइल थेट जोडली तर पॉइंट लवकर जळतात. मल्टिमीटरने ही तपासणी क्षणात होते, तरी ती बहुतेकदा वगळली जाते. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक संच बसवायचा असेल, तर बॅटरीचा कोणता ध्रुव बॉडीला जोडलेला आहे हे आधी पाहावे, कारण पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत निगेटिव्ह अर्थचा संच जोडला तर तो निकामी होतो.

वेगवेगळ्या ठिकाणचे सुटे भाग एकत्र केले असतील, तर ठिणगीच्या क्षणी रोटरचे टोक कॅपमधल्या टर्मिनलसमोर येते का, हे एका जुन्या कॅपला भोक पाडून टायमिंग लाइटखाली पाहावे. मग व्हॅक्यूमची नळी काढून, तिचे तोंड बंद करून टायमिंग लावावे, नळी पुन्हा जोडावी आणि इंजिन पूर्ण तापल्यावर सेमिनरी हिल्सच्या चढावर टॉप गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून पाहावे. खडखड झाली तर टायमिंग दोन अंश मागे घ्यावे आणि पुन्हा चढावे. शेवटी रोटरखालच्या फेल्टवर इंजिन ऑइलचा एखादा थेंब व कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. जास्त दिलेले ग्रीस पॉइंटवर उडते आणि ठिणगी बिघडते.