टॅरोच्या पानांवर रंग पसरत होता, त्यावर हा उपाय

‘बिल्डर्स ऑफ द अडायटम’ या पॉल फॉस्टर केस यांच्या, गूढविद्या शिकवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या टॅरो संचात, म्हणजे भविष्य पाहायला किंवा ध्यानाला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांत, नुसत्या काळ्या रेषा असतात. रंग साधकाने स्वतः भरायचे, म्हणजे चित्र मनात मुरतं. ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

अशाच एका कोऱ्या संचातली ‘हाय प्रिस्टेस’ (मुख्य पुजारिणीचं पान) जलरंगात रंगवली, तर पान वाकलं आणि झग्याचा निळा थेट चेहऱ्यावर उतरला. मग रंगीत पेन्सिली घेतल्या. टोक अणकुचीदार, हात हलका. आधी फिका थर, गडद नंतर. पानं पिसताना पेन्सिलीचं मेण शेजारच्या पानाला लागतं, म्हणून वरून मॅट फिक्सेटिव्हचे (रंग पक्का धरून ठेवणाऱ्या, चमक नसलेल्या द्रावाचे) पातळ फवारे मारले, तेही गॅलरीत, नाकाला रुमाल बांधून. वाळल्यावर बोटाने घासून पाहिलं. निळा जागचा हलला नाही.