रणगाड्यांच्या जोडसाहित्याचे नियम: वॉरगेममधल्या या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धावरच्या टॅक्टिकल वॉरगेममध्ये, म्हणजे पटावर छोट्या लढाया खेळायच्या खेळात, तोफ आणि चिलखताचे आकडे सहसा बरोबर असतात. डिझायनरांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलेलं असतं. घोळ होतो तो जोडसाहित्यात: बाजूचे पत्रे, धुराच्या नळ्या, छपरावरची मशिनगन. स्वतः सिनारिओ (खेळायच्या लढाईची मांडणी) लिहायला घेतला की हमखास. माझी सवय अशी की प्रत्येक वस्तूसाठी तीन प्रश्न कागदावर लिहायचे. ही या रणगाड्यावर कधी बसली? ती कोण चालवायचं? आणि त्या वेळी त्याचं नेहमीचं काम कोण करायचं?

सगळ्यात जास्त दिसणारी चूक शुर्त्सनची, म्हणजे जर्मन पँझर ४ रणगाडा आणि श्टुग (टरेट नसलेली चिलखती तोफगाडी) यांच्या बाजूंना टांगलेल्या पातळ पत्र्यांची. ते बाझूका अडवण्यासाठी होते असं धरून घरगुती नियम बाझूका आणि पियाट या पायदळाच्या रणगाडाविरोधी शस्त्रांविरुद्ध भरघोस संरक्षण देतात. पण हे पत्रे १९४३ च्या वसंतात आले ते पूर्व आघाडीसाठी, सोव्हिएत १४.५ मिमी रणगाडाविरोधी रायफलींसाठी. पँझर ४ ची बाजू फक्त ३० मिमी जाड. जवळून, काटकोनात ती गोळी आत शिरायची. बाजूचा ५ मिमीचा पत्रा (टरेट म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाभोवती ८ मिमी) गोळी अडवत नाही, तिची दिशा बिघडवतो. मग ती मूळ चिलखतावर वेडीवाकडी आपटते आणि तिचा जोर वाया जातो. पँथरच्या चाकांवरची पट्टीही त्याचसाठी होती, त्यामागे ४० मिमीची बाजू होती म्हणून.

तेव्हा दुरुस्ती अशी करा: बाजूने आलेल्या रणगाडाविरोधी रायफलीच्या माऱ्यात मोठी कपात, बाझूका-पियाटच्या शेप्ड चार्जला (स्फोटाच्या झोताने चिलखत भेदणारा गोळा) जवळपास काहीच नाही. आणखी एक गोष्ट मला आवश्यक वाटते. हे पत्रे टांगलेले असायचे, झाडाझुडपांत अडकून निघून यायचे. मोहीम-खेळात रणगाडा जंगलाच्या हेक्समधून (पटावरचं षटकोनी घर) गेला की एक फासा टाका आणि वाईट पडला तर त्या बाजूचे पत्रे गेले असं धरा. पटावर हा नियम सुरेख चालतो, कारण मग जर्मन खेळाडू रस्ता सोडताना खरोखर विचार करतो.

दुसरी चूक धुराची. सुरुवातीच्या टायगर १ वर टरेटच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन नळ्या होत्या. पण साध्या रायफलीची गोळी लागूनही त्या पेटायच्या आणि धुराने आपल्याच क्रूला आंधळं करायच्या. जून १९४३ च्या सुमारास त्या बसवणंच बंद झालं. म्हणजे कुर्स्कच्या टायगरवर त्या असू शकतात. नॉर्मंडीच्या नव्या टायगरला त्या देऊ नका. पुढे छपरातून आतूनच डागायचं फिरतं लाँचर आलं, पण त्याचा पुरवठा कमी पडला. कित्येक पँथर छपराला भोक आणि भोकावर चकती अशा अवस्थेत कारखान्यातून बाहेर पडले. वापरअंकाचा नियम इथे उपयोगी पडतो: फासा ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर लाँचर बसवलेलंच नव्हतं असं समजा. आणि लाँचर भरणारा माणूस टरेटमधलाच असतो. एकाच फेरीत टायगरने पूर्ण वेगाने तोफही डागायची आणि धूरही सोडायचा, हे मी तरी मान्य करत नाही.

अमेरिकन शर्मन रणगाड्याच्या .५० (अर्धा इंची) मशिनगनचंही तसंच. बसवणी छपरावर, बऱ्याचदा हॅचच्या (वर उघडणाऱ्या झाकणाच्या) मागच्या बाजूला. समोरच्या पायदळावर नेम धरायचा तर माणसाला बाहेर, मागच्या इंजिन डेकवर उभं राहावं लागायचं. अमेरिकन अधिकारी ऑडी मर्फीने २६ जानेवारी १९४५ ला फ्रान्समधल्या होल्त्स्व्हीरजवळ पेटत्या टँक डिस्ट्रॉयरवर चढून हीच बंदूक चालवली. अख्खं अंग उघड्यावर. हॅच बंद ठेवून .५० वापरू देणारा नियम म्हणूनच चुकीचा. खात्री हवी असेल तर अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जुन्या रणगाड्यांच्या बाजूला उभे राहा आणि हॅचचं तोंड नीट पाहा. त्यातून किती अंग बाहेर काढावं लागतं ते लगेच कळतं.

शर्मनच्या जायरोला (तोफ स्थिर ठेवणारं यंत्र) चालत्या गाडीतून अचूक मारा देऊ नका. तो तोफ फक्त वर-खाली स्थिर ठेवायचा, थांबल्या थांबल्या पहिला गोळा लवकर सुटावा म्हणून. प्रशिक्षण नसल्याने अनेक क्रू तो बंदच ठेवायचे. १९४१ च्या सोव्हिएत टी-३४ ला दोन माणसांचा टरेट, कमांडर स्वतःच गनर. रेडिओ बहुतेक तुकडीप्रमुखांकडेच. त्यामुळे त्यांचा प्लॅटून (छोटी तुकडी) एकत्र हलवण्याची सक्ती योग्यच आहे, ती काढू नका.

आणि फायरफ्लाय, म्हणजे ब्रिटिश १७-पाउंडर तोफ बसवलेला शर्मन. १७-पाउंडरचे लांब गोळे ठेवायला पुढच्या मशिनगनरची जागा घेतली गेली. क्रू चार जणांचा, पुढची मशिनगन नाही. घरी काउंटर (पटावरच्या सोंगट्या) छापत असाल तर त्यावरचा पुढच्या मशिनगनचा आकडा आजच खोडा.