वारसाहक्काच्या जमिनीतला हिस्सा विकताना

करवीर किंवा कागल तालुक्यात वडिलांच्या नावची जमीन मृत्युपत्राविना भावंडांकडे आली, की प्रत्येकाला आपला हिस्सा विकता येतो. पण हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ च्या कलम २२ प्रमाणे तो आधी घेण्याचा हक्क बाकीच्या वर्ग १ (कायद्याने सर्वात जवळच्या मानलेल्या) वारसांना आहे. त्यात बहिणी आणि आईही आल्या. शेतजमिनीलाही हे कलम लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले.

आधी फेरफार (मालकी बदलाची नोंद) काढून सगळे वारस सातबाऱ्यावर लागलेत का ते तपासा. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे नाव राहून जाते, आणि दावा बहुधा तिथूनच उभा राहतो. मग प्रत्येकाला नोंदणीसह स्पीड पोस्टाने, पोच घेऊन पत्र पाठवा: गट नंबर, हिस्सा, क्षेत्र, गिऱ्हाइकाने देऊ केलेली खरी किंमत, उत्तराची मुदत. किंमत फुगवू नका. एकमत न झाल्यास ती कोर्ट ठरवते. दोन वारस पुढे आले तर जास्त देणाऱ्याला प्राधान्य. नकार लेखीच घ्या, तोंडी होकार-नकार कोर्टात टिकवणे फार अवघड.

गिऱ्हाइकाकडून विसार त्यानंतरच घ्या. रीतसर वाटप होऊन हिस्से वेगळे झाले असतील, तर ते वाटपपत्र जपा; मग हा हक्क सहसा उरत नाही.